वर गेलेला हात

ट्राम गेली. स्टॉपवरच्या घड्याळात तिची वेळ अजून झाली नव्हती, मी रस्ता ओलांडतच होतो, आणि ती गेली. दारं मिटली, खिडकीतल्या एका बाईनं माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि ट्राम बेकरीच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते माझ्या उजव्या हाताचं. तो वर गेला होता. ट्रामला हात करतात तसा अर्धवट हलवलेला नव्हे, तर खांद्यापासून सरळ उभा, तळवा पुढे, बोटं जुळलेली. उत्तर येणाऱ्या शाळकरी पोराचा जातो तसा. आणि पाय जागच्या जागी थांबलेले. मी रस्त्याच्या मधोमध तसा उभा होतो, आणि कोणीतरी शिट्टी वाजवून ती ट्राम परत बोलवावी अशी वाट पाहत होतो.

“इथं टॅक्सी थांबत नाही, हेर लिश्का,” मागून फ्राउ कोल्ब म्हणाली. ती आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. नवरा खाणीत होता, आता नाही. शनिवारी चाकांची पिशवी ओढत ती बाजाराला जाते. मी हात खाली घेतला. “ट्राम गेली,” मी म्हणालो. “कुठली?” “आत्ताची.” तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग खांबावर लावलेल्या वेळापत्रकावर बोट फिरवलं, मग पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. “तिची वेळ झालेली नाही,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणजे ती गेलेली नाही.” “अहो फ्राउ कोल्ब, मी जाताना पाहिली.” “तुम्हाला आज मॅचची काळजी आहे. माणसाला काळजीत काहीबाही दिसतं. या, बसा इथं. येईल ती.” आणि ती बाकावर बसली, पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये उभी करून, मान सरळ, डोळे रुळांच्या त्या टोकाकडे. ट्राम आली नाही. स्टॉपवरचं घड्याळ पुढे सरकलं, वेळ झाली, उलटून गेली, आणि फ्राउ कोल्बच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याचं मला हसू आलं नाही. तिला राग आला नव्हता. ती ट्रामकडून खुलाशाची वाट पाहत होती. मी टोपी घातली आणि मैदानाकडे चालायला लागलो. छातीत धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. फुटबॉल खेळायचं सोडल्यापासून शनिवारी सकाळी असं धडधडलं नव्हतं.

हात मात्र मला सोडेना. कोटाच्या खिशात कोंबला तरी तो तिथं आहे हे जाणवत राहिलं, खांद्यातून खाली, एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा. होलरबेकमध्ये, म्हणजे आमच्या गावात, माझ्या या हाताला ओळख लागत नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये, बिअरच्या नळांच्या वर, त्याचा फोटो आहे. कपच्या उपांत्य फेरीची मॅच, आमच्या गावच्या इतिहासातली सगळ्यात मोठी दुपार. खाणीची पहिली पाळी त्या दिवशी लवकर सोडली होती. फोटोत मी डावीकडे आहे. काळी-लाल जर्सी, चिखलानं भरलेली चड्डी, आणि हात वर. माझ्या पलीकडे त्यांचा नऊ नंबर, चेंडूसाठी ओणवा, आणि तो माझ्यापुढे सरळसरळ एक पाऊल आहे. ऑफसाइड. म्हणजे चेंडू सुटताना शेवटच्या बचावपटूच्याही पुढे, आणि तसा गोल धरत नाहीत. आंधळ्यालाही दिसेल असा. रेषेवरच्या पंचाला ते दाखवायला माझा हात वर, पण त्या लाइन्समनचं निशाण खाली आहे. पुढच्या क्षणी चेंडू जाळ्यात होता, आणि मी तसाच उभा होतो. बारमध्ये नवा माणूस आला की कोणीतरी त्याला फोटोजवळ नेतं, बोट ठेवून अंतर दाखवतं, आणि म्हणतं, “बघ, गेर्नोटचं बरोबर होतं.” इतकी वर्षं मला माझ्या बरोबर असण्याबद्दल बिअर पाजली जातेय. तेव्हाचा आमचा ट्रेनर, म्हातारा रुश्के, कपडे बदलायच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. मी म्हणालो, “तो ऑफसाइड होता.” रुश्के म्हणाला, “होता की. मीही पाहिलं. पण लेका, हातानं कोणी धावतं का?” बस. पुढं कधी त्यानं तो विषय काढला नाही. त्याच्या दफनाच्या वेळी शवपेटीला मी डावा खांदा दिला. उजवा हात द्यायला मला लाज वाटली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं गाड्या धूत होती. शनिवारचा रिवाजच आहे तो. बादली, फडकं, आणि छपरावर ठेवलेला ट्रान्झिस्टर. दुपारी साडेतीनला देशभरच्या मॅच एकाच ठोक्याला सुरू होतात आणि रेडिओवाले या मैदानावरून त्या मैदानावर उड्या मारतात. सकाळी त्यावर नुसती गाणी असतात, तरी लोक तो लावून ठेवतात. “काय मग, आज पुन्हा शून्य का, ट्रेनर?” एक जण ओरडला. मी हात करणार होतो. नाही केला, मान हलवली. शून्याचा लिश्का हे माझं दुसरं नाव. बचावातला माणूस ट्रेनर झाला की तो अकराच्या अकरा जणांना बचावात नेतो असं लोक म्हणतात, आणि लोकांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. मला शून्य आवडतं. शून्य-शून्य संपलेल्या मॅचनंतर मला जी झोप लागते ती दुसऱ्या कशानं लागत नाही. मार्लीस, माझी बायको, म्हणते, “तू लग्नातसुद्धा बरोबरीसाठी खेळतोस, गेर्नोट.” आज सकाळी अंड्याचं टोक चमच्यानं फोडता फोडता ती म्हणाली, “जिंकलास तरी संध्याकाळी बटाट्याचं सॅलड आहे, हरलास तरी तेच आहे. उगीच त्यासाठी जिवाचं रान करू नकोस.” मग उठून तिनं माझी कॉलर नीट केली, आणि कॉलर नीट झाल्यावरही तिचा हात तिथंच राहिला. ती कधी मॅचला येत नाही. आज येणार होती.

कारण आज काय होतं ते गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मोसमाची शेवटची मॅच. लीगच्या दुसऱ्या विभागात राहायचं की खाली हौशी मंडळींत जायचं, याचा निकाल. आम्ही जिंकलो तर वाचलो, कुणाकडे बघायला नको. आम्ही बरोबरीत सुटलो, तर तिकडे लुनफेल्डनं त्यांची मॅच जिंकता कामा नये. हरलो तर बोलायलाच नको. खाली गेलो की क्लब संपल्यात जमा. खाणीच्या मनोऱ्यावरचं चाक गेल्या वर्षी थांबलं. ते अजून तिथं आहे, काळं, उंच, मैदानाच्या मागे, आणि स्टँडमध्ये बसलं की नको म्हटलं तरी दिसतं. त्यानंतर गावात शनिवारी सगळ्यांनी मिळून करायचं असं एकच काम उरलंय. मी तेवीस जणांचा ट्रेनर आहे असं कागदावर लिहिलंय, पण रस्त्यानं चालताना ते तसं वाटत नाही. मोठ्या क्लबांनी मला कधी बोलावलं नाही. मी इथं खेळलो, कोलोनला जाऊन ट्रेनरचा परवाना घेतला, चार लहान गावांतून हकालपट्टी करून घेतली आणि इथं परत आलो. हे मैदानही गेलं तर मी कुठं जाऊ, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो, तो माझ्याबरोबर चालत होता.

मैदानावरच्या कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा आणि उकळलेल्या कॉफीचा वास होता. इंगो वेसलिंग गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. इंगो माझा स्टॉपर, बचावातला मधला गडी. चौतिशी उलटलेला, दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांच्या खुणा, आजची त्याची शेवटची मॅच. मोसमभर त्यानं मधली रेषा ओलांडली ती फक्त नाणेफेकीला. मी त्याला तसंच घडवलंय. “ट्रेनर,” तो वर न बघता म्हणाला, “रात्री झोपलात का?” “ट्राम चुकली,” मी म्हणालो. “तुमची? ती कशी चुकली?” “वेळेआधी गेली.” सगळे हसले. आल्विन, माझा सहायक, तर मोठ्यांदा हसला. आल्विन श्टोकर हा काटेकोर माणूस, दाढीसुद्धा मोजपट्टी लावून करतो असं पोरं म्हणतात. “वेळेआधी ट्राम जाते म्हणे,” तो म्हणाला, “आज हे शून्य नाही देणार, आज हे गोलच देणार.” मी पोरांशी फार बोललो नाही. बेंचवर ट्रान्झिस्टर आणायचा नाही एवढं सांगितलं. आपली मॅच इथं आहे.

आणि मग साडेतीन. शिट्टी झाली, आणि मी सांगतो, मी जिवंत झालो. मैदान फुटेपर्यंत भरलं होतं, कुंपणावर पोरं, कुंपणामागे गाड्यांच्या टपावर माणसं, भाजलेल्या सॉसेजचा धूर उन्हात तरंगत होता, आणि हजारोंच्या कानाशी छोटे ट्रान्झिस्टर. शेवटच्या शनिवारी मैदानावर दोन मॅच चालतात, एक गवतावर आणि एक कानात. मी पाठ करून उभा असूनही मला दुसरी कळत होती. स्टँड मध्येच आनंदानं हुंकारला तेव्हा आमच्याकडे नुसता थ्रो-इन होता. आल्विन पुटपुटला, “लुनफेल्डवर गोल झाला वाटतं.” झालाच होता. लुनफेल्ड शून्य-एकनं मागे. आमचे पाहुणे गुणतक्त्याच्या मधोमध निवांत बसलेले, त्यांना ना वर जायचं ना खाली, पण त्यांचा स्टॉपर एक लाल केसांचा पोरगा होता, विशीतला, आणि तो जणू विश्वचषक खेळत होता. प्रत्येक चेंडू त्याचा, प्रत्येक उडी त्याची, आणि आमचा कोणी जरा पुढे सरकला की त्याचा हात वर. खांद्यापासून सरळ. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती. मध्यंतर गेलं, तास गेला. शून्य-शून्य. माझं लाडकं शून्य. आमच्या गोलकीपरचं डोकं खांबावर आपटलं, त्याला टाके घालेपर्यंत खेळ थांबला, तो पट्टी बांधून उभा राहिला तेव्हा स्टँड त्याच्या नावानं गर्जला. ही जागा सोडून जगात दुसरीकडे कुठंही असायची माझी इच्छा नव्हती.

मग ते झालं. मैदानावरचं घड्याळ सव्वापाचवर आलं. मॅच संपायची वेळ. आमची संपणार नव्हती, कारण गोलकीपरच्या टाक्यांचा वेळ रेफरी भरून काढणार होता. पण स्टँडच्या उत्तर कोपऱ्यात एक जण उठला, मग दहा, मग सगळी रांग, आणि आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत आला. वाचलो. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. टोप्या उडाल्या. आल्विननं मला मागून मिठी मारली, आणि आल्विन कुणाला मिठी मारत नाही. “लुनफेल्ड हरलं,” तो माझ्या कानात ओरडला. “वाचलो, गेर्नोट, वाचलो.” “कोणी सांगितलं? रेडिओनं?” “रेडिओवर पहिल्या विभागाचं चाललंय. मघाशी शून्य-एक सांगितलं होतं.” “मग संपली कुणी सांगितलं?” त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा कीव करत. “घड्याळ बघ की. साडेतीनला सुरू झाली, सव्वापाच झाले. संपलीच असणार.”

मी घड्याळ पाहिलं. आणि मला फ्राउ कोल्ब दिसली. बाकावर, मान सरळ, पिशवी पायांत. तिची वेळ झालेली नाही, म्हणजे ती गेलेली नाही. हे सगळं मैदान, नाचणारी, रडणारी, एकमेकांच्या पाठी थोपटणारी ही माझी माणसं, एका बाकावर बसली होती आणि वेळापत्रक वाचत होती. साडेतीन म्हणजे साडेतीन, यावर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास. लुनफेल्डला उशीर झाला असेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. शेवटची मॅच होती, कुणाला फुलं दिली असतील, कुणी कागदी गुंडाळ्या मैदानात फेकल्या असतील, तिथल्या गोलकीपरनंही डोकं आपटलं असेल. काय माहीत? मला काहीच माहीत नव्हतं, आणि मलाच फक्त ते माहीत होतं. मैदानात आमच्या पोरांनी धावणं सोडलं होतं. चेंडू गोलकीपरकडे मागे, गोलकीपरनं तो हातात घेतलेला, जमिनीवर दोनदा आपटलेला, पुन्हा बचावाकडे, पुन्हा मागे. सगळे उभे. अकराच्या अकरा जण हात वर करून उभे आहेत असं मला वाटलं. बरोबर आहोत, आता कुणीतरी शिट्टी वाजवावी.

“इंगो,” मी ओरडलो. तो बेंचपाशी लंगडत आला, चेहरा हसरा, डोळे ओले. “पुढे जा,” मी म्हणालो. “कुठं पुढे?” “त्यांच्या गोलसमोर. उभा राहा तिथं. सगळे चेंडू उंच तुझ्याकडे येतील.” “ट्रेनर, ते लोक नाचतायत तिकडं.” “नाचू दे. तू जा.” आल्विननं माझी बाही धरली. तो घाबरला होता, खरोखर घाबरला होता, त्याचे ओठ पांढरे झाले होते. “वेड लागलंय का तुला? मागे कोण राहील? शून्य-शून्य आहे. आपण वाचलोय. आता गोल खाल्लास तर गाव तुला जाळेल, गेर्नोट. वाचलेला क्लब बुडवणारा म्हणतील. तुझ्या बायकोला बेकरीत पाव देणार नाहीत.” आणि त्याचं खरं होतं. तेच तर होतं. तो बरोबर असला आणि मी चुकलो, तर त्या फोटोशेजारी दुसरा फोटो लागला असता, आणि त्याखाली बिअर कुणी पाजली नसती. माझ्या आयुष्यात मी कधी, एकदाही, हातातलं शून्य सोडलेलं नाही. “सोड बाही,” मी म्हणालो. “इंगो, जा.” इंगोनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग तो त्याच्या त्या दोन गुडघ्यांवर वळला आणि मधली रेषा ओलांडून पळत गेला, आणि स्टँडमधून कुणीतरी हसलं, आणि मग कुणीतरी शिव्या द्यायला सुरुवात केली. शिव्या मला होत्या.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आमचे मागे तीनच. पाहुण्यांचा एक जण सुटला, एकटा, आणि त्याचा फटका आमच्या खांबाला लागून परत आला. लाकडाचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. अख्खं स्टँड माझ्या नावानं बोंब मारत होतं. मार्लीस तिथं कुठंतरी बसली आहे हे आठवलं आणि मी मागे बघितलं नाही. पट्टीवाल्या गोलकीपरनं चेंडू उचलला, आणि मी दोन्ही हातांनी दाखवलं, लांब, लांब मार. त्यानं मारला. चेंडू उन्हात चढला, सगळ्या माना वर, आणि खाली इंगो. माझा इंगो, जो कधी तिथं गेला नव्हता, ज्याला तिथं उभं कसं राहायचं हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच तो एक पाऊल पुढे होता. मी पाहिलं. मी आयुष्यभर दुसरं काही पाहिलेलंच नाही. ऑफसाइड, बुटाच्या लांबीएवढा. लाल केसांच्या पोरालाही ते दिसलं. त्याचा हात वर गेला, सरळ, तळवा पुढे, आणि त्याचे पाय थांबले. लाइन्समनचं निशाण खाली होतं. इंगोनं चेंडू छातीवर घेतला, अडखळला, आणि कशानं मारला देव जाणे, गुडघ्यानंच असावं, पण तो गेला. जाळं हललं.

माझा हात वर गेला नव्हता. मी खाली पाहिलं, तो माझ्या मांडीशी होता. मी धावत होतो. कोट उडत होता, टोपी केव्हाच पडली होती, कोपऱ्यातल्या निशाणापाशी इंगो गवतावर पालथा पडला होता आणि त्याच्यावर सगळी पोरं, आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस त्या ढिगावर पडलो. इंगो खालून ओरडत होता, “गुडघा, गाढवांनो, गुडघा.” शिट्टी झाली, शेवटची. स्टँडमध्ये लोक टाळ्या वाजवत होते, पण जरा संकोचून, जेवण झाल्यावर पुन्हा कुणी वाढावं तसे. त्यांच्या लेखी हे सगळं उगीचच होतं. आणि मग उत्तर कोपऱ्यात आवाज बंद झाला. शांतता रांगेरांगेनं सरकत आली. कानाशी धरलेले ट्रान्झिस्टर, उघडी तोंडं. लाउडस्पीकर खरखरला. निवेदकाचा आवाज फाटला होता. लुनफेल्डची मॅच फुलांच्या समारंभामुळे उशिरा सुरू झाली होती, ती आत्ता, या क्षणी संपली. लुनफेल्ड दोन, पाहुणे एक. लुनफेल्ड जिंकलं होतं.

इतकं मोठं मैदान इतकं गप्प मी कधी ऐकलं नाही. प्रत्येक जण मनात बेरीज करत होता. शून्य-शून्य असतं तर. मग गर्जना आली. ती सांगता येत नाही, कुंपण पडलं एवढं सांगतो. आल्विन माझ्यासमोर उभा होता, हात लोंबत, गालांवरून पाणी वाहत. “तुला कसं कळलं?” तो विचारत होता. “अरे, कसं कळलं तुला?” “ट्राम गेली होती,” मी म्हणालो. तो डोकं हलवत राहिला. माणसं गवतावर उतरली होती, कुणीतरी मला खांद्यावर घ्यायला पाहत होतं, आणि त्या गर्दीतून मार्लीस कोपरं मारत येत होती, केस विस्कटलेले, एक बूट हातात. “बटाट्याचं सॅलड रद्द,” ती ओरडत होती. “ऐकतोस का? रद्द.”

मी तिच्याकडे निघालो होतो. पण वाटेत तो होता. लाल केसांचा पोरगा. त्याचे सोबती केव्हाच निघून गेले होते. त्यांना या मॅचशी काही देणंघेणं नव्हतं. लाइन्समनही गेला होता. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, कुणी त्याला धक्का देत होतं, कुणी त्याच्या डोक्यावर आमचा काळा-लाल गळपट्टा टाकला होता. तो तिथंच उभा होता, जिथं चेंडू गेला तिथं, आणि त्याचा हात अजून वर होता. त्याला ते कळत नसावं. “तो ऑफसाइड होता,” तो मला म्हणाला. आवाज रडवेला होता. “होता,” मी म्हणालो. “मीही पाहिलं. बुटाएवढा.” त्याचे डोळे मोठे झाले. आजवर त्याला ते इतकं सरळ कुणी सांगितलं नसेल. “मग?” तो म्हणाला. “मग काय?” त्यानं पुन्हा विचारलं. रुश्केचं ते हातानं धावण्याचं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. मी माझा उजवा हात उचलला, त्याचं मनगट धरलं आणि हळूहळू खाली आणलं. खूप जड होतं. तो हात त्याच्या मांडीपाशी येईपर्यंत मी तो सोडला नाही.